एका लहानशा फरकाचा माग

वाईच्या आमच्या जुन्या घरी माजघराच्या भिंतीवर लंबकाचे एक घड्याळ होते. रविवारी सकाळी अंघोळ उरकली की वडील त्याला चावी देत. तो मान घरात दुसऱ्या कुणाला नव्हता. चावी देऊन झाली की ते रेडिओजवळ उभे राहत, बातम्यांआधीची टिकटिक ऐकून काटे जुळवत आणि शेजारच्या कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकटीत पेन्सिलीने एक आकडा लिहीत. कधी अधिक वीस, कधी उणे चाळीस. घड्याळ आठवडाभरात किती सेकंद पुढे गेले किंवा मागे पडले, त्याची ती नोंद असे.

चैत्र-वैशाखात हे आकडे उणे असत आणि मार्गशीर्ष-पौषात अधिक. उन्हाळ्यात घड्याळाला आळस का येतो, असे मी एकदा वडिलांना विचारले. त्यांनी मला उचलून लंबकाची लोखंडी दांडी दाखवली. उकाड्याने ती केसभर लांबते, आणि लंबक लांबला की हेलकावा सावकाश होतो, एवढे त्यांनी समजावून सांगितले. मग गोळ्याखालची बारीक चाकी बोटाने किंचित फिरवून त्यांनी गोळा वर घेतला. न लांबणारी दांडी का बसवत नाहीत, हा माझा पुढचा प्रश्न होता. असा धातू देवाने केलेला नाही, असे सांगून त्यांनी तो विषय मिटवला.

असा धातू देवाने केला नव्हता हे खरे, पण एका माणसाने तो शोधून काढला होता. वडिलांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, १९२० साली, त्या कामासाठी त्या माणसाला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. हे मला कळायला पुढे चाळीसएक वर्षे लागली. एका घड्याळजीला नायक करून मी कादंबरी लिहायला घेतली होती. त्यासाठी घड्याळांविषयी मिळेल ते वाचत असताना पानापानावर एकच नाव भेटू लागले: शार्ल एद्वार गियोम. कादंबरी पुरी झाली, कपाटात जाऊन बसली. गियोम मात्र मनातून हलले नाहीत. त्याचे कारण थोडे माझ्या नोकरीत आहे. तेही सांगणार आहे, पण आधी त्यांची गोष्ट.

स्वित्झर्लंडच्या पश्चिम अंगाला, फ्रान्सच्या सरहद्दीला लागून, ज्युरा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या फ्ल्युरिए गावी १५ फेब्रुवारी १८६१ रोजी गियोम जन्मले. घराणे घड्याळवाल्यांचे. आजोबा मूळचे फ्रान्सचे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांनी देश सोडला, लंडन गाठले आणि तिथे घड्याळांचा धंदा थाटला. तो पुढे मुलांनी चालवला. त्यांपैकी एद्वार हा मुलगा परत येऊन फ्ल्युरिएला राहिला. हेच आपल्या गियोम यांचे वडील. त्यांना धंद्याबरोबर शास्त्राचीही गोडी होती आणि मुलाचा पहिला अभ्यास त्यांनीच घेतला. ज्या घरात दिवसभर सेकंदांचा हिशेब चालतो, तिथे वाढलेल्या मुलाला लहान फरक लहान वाटत नाही. गियोम यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज मला या घरात दिसते.

नूशातेलला शिक्षण झाले. सतराव्या वर्षी ते झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेले, तिथे डॉक्टरेट मिळवली. मध्ये काही काळ तोफखान्यात अधिकारी म्हणून काढला. आणि १८८३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पॅरिसजवळच्या सेव्र गावी ते नोकरीला लागले. ही नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे केली. आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांना एका खुर्चीला चिकटून राहिल्याबद्दल बोलणी खावी लागत. त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

नोकरी होती तरी कसली? २० मे १८७५ रोजी सतरा देशांनी पॅरिसमध्ये मीटरचा करार केला. जगभर मोजमाप एकच असावे म्हणून एक आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालय निघाले. आपला देश या करारात १९५७ मध्ये सामील झाला. नवे पैसे आले ते त्याच वर्षी. या कार्यालयात प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा मूळ मीटर आणि मूळ किलोग्रॅम जपून ठेवायचे होते, आणि प्रत्येक देशाला दिलेली प्रत मुळाशी ताडून पाहायची होती. ताडून पाहणे हेच काम. सकाळी ताडायचे, संध्याकाळी ताडायचे, आणि उद्या पुन्हा ताडायचे.

पण त्यात एक अडचण होती, आणि ती आमच्या माजघरातल्या घड्याळाचीच होती. उष्णतेने धातू वाढतात. मीटरभर लांबीची पोलादी पट्टी तापमान एका अंशाने चढले की मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने अकरा-बारा भाग वाढते. पितळी पट्टी अठरा-एकोणीस भाग वाढते, प्लॅटिनमची सुमारे नऊ. म्हणजे लांबी मोजायची तर आधी तापमान अचूक मोजायला हवे. तरुण गियोम यांच्याकडे पहिली काही वर्षे हेच काम होते. पाऱ्याच्या थर्मामीटरच्या काचेचे रुसवेफुगवे त्यांनी इतके बारकाईने अभ्यासले की त्यावर १८८९ मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला.

प्लॅटिनमचा मीटर चांगला, पण तो राजाघरचा दागिना. कारखान्यांना आणि जमीन मोजणाऱ्या खात्यांना परवडेल अशी, गंज न धरणारी आणि फारशी न वाढणारी स्वस्त पट्टी हवी होती. गियोम यांनी पितळ, कासे, एकेक धातू तपासायला घेतला. शुद्ध निकेल त्यांना बरे वाटले. पण लांब पट्टीसाठी निकेलचा निर्दोष तुकडा मिळेना.

अशात १८९५ साल उजाडले. फ्रेंच तोफखान्याच्या तांत्रिक विभागासाठी कार्यालयाचे संचालक बेन्वा यांनी पोलादाची एक पट्टी तपासली. त्यात शंभरात २२ भाग निकेल आणि ३ भाग क्रोमियम होते. पट्टी तापवून वाढ मोजली, तर ती जवळजवळ पितळेइतकी निघाली.

इथे थोडे थांबायला हवे. लोखंडाची वाढ बारा भाग आणि निकेलची तेरा, तर दोन्ही मिसळून झालेल्या धातूची वाढ बारा-तेराच्या आसपास असायला हवी. दुधात पाणी घातले तर येणारे द्रव्य दुधापेक्षा दाट होत नाही. इथे मात्र आकडा अठरावर गेला होता. दुसरी गंमत म्हणजे लोखंडाला चुंबक चिकटते, निकेललाही चिकटते, पण या पोलादाला ते शिवायला तयार नव्हते. यातली निम्मी गोष्ट आधी माहीत होती. इंग्लंडचे जॉन हॉपकिन्सन यांनी १८८९-९०च्या सुमारास २५ टक्के निकेलचे पोलाद असेच चुंबकाला दाद देत नसल्याचे पाहिले होते. त्याला कडाक्याच्या थंडीत घातले तर ते चुंबकाला चिकटू लागते, आणि पुन्हा साध्या तापमानाला आणले तरी चिकटतच राहते. ती खोड मोडायला त्याला चांगले तापवावे लागते. एकाच तापमानाला दोन स्वभाव, असा हा प्रकार.

आपल्या गृहिणींना यातला एक धागा ओळखीचा वाटेल. स्टेनलेस स्टीलचे पातेले घेताना पुष्कळ जणी चुंबक लावून पाहतात. चिकटले नाही तर माल उत्तम असे समजतात. स्टीलच्या भांड्यांत निकेल पुरेसे असले की ती चुंबकाला दाद देत नाहीत, हे त्यामागचे कारण. गियोम यांच्या कार्यालयात आलेली ती पट्टी या भांड्यांची लांबची नातेवाईकच म्हणायची. मात्र आता निकेल कमी करून मॅंगनीज वाढवलेल्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. तेव्हा त्या परीक्षेवर फार विसंबू नये.

आता माझ्या नोकरीविषयी. मी बँकेत लागलो तेव्हा शाखांमध्ये संगणक नव्हते. जाडजूड लेजरे होती, आणि ठरावीक मुदतीने त्यांतल्या शेकडो खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवावी लागे. ती सहसा पहिल्या फटक्यात जुळत नसे. फरक येई आणि तो शोधायला रात्री जागाव्या लागत. आमच्या एका मुरलेल्या हेडक्लार्कने मला पहिला मंत्र दिला: फरकाला आधी नवाने भागून बघ. भाग गेला तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असण्याचा संभव फार. ५४ च्या जागी ४५ लिहिले असेल. त्यांचा दुसरा मंत्र मी फार उशिरा शिकलो. फरक लहान आहे म्हणून चूक लहान आहे असे समजू नये, कारण दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून एवढासा फरक बाहेर दाखवतात.

गियोम यांना हा दुसरा मंत्र जन्मतःच ठाऊक असावा. पितळेइतके वाढणारे पोलाद मोजपट्टीच्या काहीच उपयोगाचे नव्हते. अहवाल पाठवून फाईल बंद करता आली असती. पण १८९६ मध्ये ३० टक्के निकेल असलेली दुसरी एक पट्टी त्यांच्या हाती आली. तिची वाढ मोजली तर ती पितळेइतकी तर नव्हतीच, उलट प्लॅटिनमपेक्षाही सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. निकेल आठ टक्क्यांनी वाढले आणि आकडा एका टोकावरून दुसऱ्या टोकाकडे गेला. गियोम यांनी ओळखले की ही चूक नाही. हा एका रस्त्याचा उतार आहे, आणि उताराच्या तळाशी काहीतरी आहे.

तो तळ शोधायचा तर निकेलचे प्रमाण थोडे थोडे बदलत एकामागून एक नवी मिश्रणे ओतून घ्यायला हवी होती. कार्यालयाच्या तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. मदतीला धावली एंफी गावची पोलाद भट्टी. ती ज्या कंपनीची होती, तिचे व्यवस्थापकीय संचालक होते आंरी फेयॉल. हे नाव वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेसाठी फेयॉल यांची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे आम्ही रात्र रात्र घोकली होती. त्या चौदा तत्त्वांत कुठेही लिहिलेले नसले, तरी लगेच नफा न दिसणाऱ्या कामाला हात देण्याची बुद्धी या गृहस्थांना होती. त्यांच्या भट्टीने शेकडो नमुने ओतून दिले. गियोम एकेक पट्टी पाण्याच्या हौदात ठेवून, तापमान पायरीपायरीने चढवत, सूक्ष्मदर्शकातून तिच्या टोकांवरच्या रेघा वाचत राहिले.

आकडे कागदावर मांडले तेव्हा एक सुरेख वळण तयार झाले. निकेल पंचविसाच्या पुढे नेत जावे तसा वाढीचा आकडा घसरतो, ३६ टक्क्यांना तळ गाठतो आणि मग हळूहळू पुन्हा चढू लागतो. तळाचा आकडा होता सुमारे एक. साधे पोलाद जिथे अकरा-बारा भाग वाढते, तिथे हे निकेल-पोलाद एखादा भाग वाढत होते. काळजीपूर्वक घडवले तर त्याहूनही कमी. मार्क थ्युरी या स्विस प्राध्यापकांनी त्याला नाव सुचवले 'इन्व्हार'. न बदलणारे, असा त्याचा भाव.

पोलादात दुसरा धातू घालून त्याचा गुण बदलायचा, ही कल्पना नवी नव्हती. मॅंगनीज घातले की पोलाद चिवट होते आणि घाव खाऊन अधिकच कठीण बनते. टंगस्टन घातले की लालबुंद तापल्यावरही धार टिकते. क्रोमियम भरपूर असले की गंज दूर राहतो. थोडेसे निकेल, तीन-चार टक्के, घातले तर पोलाद घट्ट आणि धक्का सोसणारे होते. पण हे सारे ताकदीचे गुण. इन्व्हारपाशी ती ऐट नाही. ते मऊसर आहे, त्याचा चाकू होणार नाही आणि तोफही होणार नाही. शिवाय त्याची कर्तबगारी साध्या हवामानापुरती आहे. दोनशे-तीनशे अंशांच्या पुढे गेले की तेही चारचौघांसारखे वाढू लागते. माणसांतही असे असते. काहींचा गुण ताकदीचा असतो, काहींचा जागच्या जागी राहण्याचा.

या गुणाला गिऱ्हाइके किती मिळाली ते पाहा.

पहिले गिऱ्हाईक जमीन मोजणाऱ्यांचे. आपल्याकडे विल्यम लॅंबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी भारताच्या महासर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली. अंतर साडेसात मैलांच्या आसपास. पण पोलादी साखळी उन्हाने वाढे, सावलीत आखडे. तिच्यावर आडोसा धरायचा, शेजारी थर्मामीटर ठेवायचे आणि प्रत्येक मोजणीला दुरुस्तीचे गणित करायचे. या खटाटोपात जवळजवळ दोन महिने गेले. हेच लॅंबटन मोजणी करता करता १८२३ मध्ये वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढे इन्व्हारच्या २४ मीटर लांबीच्या तारा निघाल्या. १९०६ मध्ये आल्प्स पर्वताखालच्या सिंप्लॉन बोगद्यात त्या तारांनी सुमारे २० किलोमीटरची रेषा थोड्या दिवसांत मोजून दिली. त्या मोजणीत गियोम स्वतः होते. असेच एकदा त्यांनी आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यापासून जमिनीपर्यंत इन्व्हारची तार ताणली. तार स्थिर, लोखंडी मनोरा मात्र ऊन-सावलीनुसार वरखाली होतोय, हे सर्वांना डोळ्यांनी दिसले.

दुसरे गिऱ्हाईक घड्याळाचे. पोलादी दांडीचे लंबकाचे घड्याळ एका अंशाला दिवसाकाठी अर्धा सेकंद मागे पडते. हिवाळ्या-उन्हाळ्यात पंधरा अंशांचा फरक धरला तर आठवड्याला पाऊण मिनिटाच्या वर. वडिलांच्या कॅलेंडरवरचे आकडे मला इथे एकदम भेटले. इन्व्हारच्या दांडीला तोच फरक दहाव्या हिश्शावर येतो. वेधशाळांनी ही दांडी लगेच उचलली.

खिशातल्या घड्याळाची गोष्ट अवघड होती. त्यात लंबक नसतो. एक चक्र मागे-पुढे झुलते आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग त्याला परत ओढते. उष्णतेने त्या स्प्रिंगचा जोर कमी होतो. पोलाद आणि पितळ जोडून केलेल्या चक्राने हा दोष बराचसा झाकला जाई, पण पुरता नाही. थंडीत आणि उन्हाळ्यात घड्याळ बरोबर लावले तर मधल्या हवामानात ते दिवसाला दोनेक सेकंद चुके. शंभर वर्षे कारागिरांनी त्यावर डोकी फोडली होती. गियोम यांनी जवळच्या शेकडो नमुन्यांच्या आकड्यांतून पोलादाऐवजी एक वेगळे निकेल-पोलाद निवडले, आणि तो उरलासुरला फरकही जवळजवळ नाहीसा केला. समुद्रावरच्या घड्याळात एका दिवसात चार सेकंद चुकले तर विषुववृत्ताजवळ जहाजाची जागा एका सागरी मैलाने चुकते. त्या काळच्या खलाशाला हे दोन सेकंद किती मोलाचे होते, ते यावरून कळेल. पुढे १९२०च्या आगेमागे त्यांनी क्रोमियम मिसळलेले आणखी एक निकेल-पोलाद सिद्ध केले. उष्णतेने त्याचा लवचीकपणा बदलत नसे. त्याला म्हणतात 'एलिन्व्हार'. त्याची स्प्रिंग बसवली की साध्या, स्वस्त मनगटी घड्याळालाही ऋतूंची फिकीर उरली नाही. घड्याळवाल्याच्या मुलाने असे घराण्याचे ऋण फेडले.

तिसरे गिऱ्हाईक आपण सगळे. विजेच्या दिव्यात काचेतून तार आत न्यावी लागते. तार आणि काच सारख्याच वाढल्या नाहीत तर काच तडकते. म्हणून आधी तिथे महागाचे प्लॅटिनम वापरत. काचेइतकेच वाढणारे ४६ टक्क्यांचे निकेल-पोलाद गियोम यांनी दाखवून दिले आणि ते प्लॅटिनम वाचले. विजेची इस्त्री तापली की आपोआप बंद होते, कारण आत दोन धातूंची जोडपट्टी असते. एक धातू वाढतो, दुसरा जवळजवळ वाढत नाही, मग पट्टी वाकते आणि प्रवाह तुटतो. तो न वाढणारा भागीदार बहुधा हाच. आणि आज उणे १६० अंशांच्या थंडीत द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या काही जहाजांच्या टाक्यांना आतून इन्व्हारच्या पातळ पत्र्याचे अस्तर असते. दुसरा पत्रा तेवढ्या थंडीत आखडून फाटेल.

इतके यश मिळाल्यावर माणसाने काय करावे? आपल्या मालाची तारीफ ऐकावी आणि गप्प बसावे. गियोम यांनी उलटे केले. इन्व्हारच्या पट्ट्या त्यांनी कपाटात ठेवल्या आणि वर्षानुवर्षे, तापमान तेच ठेवून, पुन्हा पुन्हा मोजल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की न बदलणारे म्हणून ज्याचे नाव ठेवले, ते आपोआप, मुंगीच्याही पावलाने, लांबत आहे. सुरुवातीला थोडे भरभर, मग सावकाश. वाढ मिलिमीटरच्या हजाराव्या भागांतली. ती कुणाच्याही डोळ्यांवर आली नसती. त्यांनी ती लपवली नाही. उलट तिचे तक्ते छापले, धातूतल्या कार्बनशी तिचा संबंध जोडला, तो काबूत आणायचे उपाय सांगितले, आणि अव्वल दर्जाचा मूळ मीटर म्हणून इन्व्हार वापरू नये असा स्वतःच्या अपत्याविरुद्ध निकाल दिला. नोबेल पारितोषिक घेताना स्टॉकहोमला दिलेल्या व्याख्यानातही त्यांनी ही वाढ वगळली नाही.

आपल्या कार्यालयाचा मोठेपणाही त्यांनी असाच बाजूला ठेवला. लिटर म्हणजे एक किलोग्रॅम पाण्याचे आकारमान, आणि ते हजार घन सेंटिमीटर असते, असे सारे जग धरून चालले होते. गियोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा मोजले. लिटर सुमारे २८ घन मिलिमीटरने मोठा निघाला. शंभर वर्षांपूर्वी किलोग्रॅम ठरवतानाच ती चूक झाली होती. १९६४ मध्ये लिटरची व्याख्या बदलून अखेर हा फरक मिटवण्यात आला.

गियोम मनातून का हलले नाहीत ते आता सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या गावी मी लेजर जुळवत होतो. फरक आला ४५० रुपयांचा. नवाने भाग जात होता, म्हणजे धागा हातात होता. पण सहामाही अखेर डोक्यावर आलेली, माझी बदली झालेली आणि घरी बायको बाळंतपणाला टेकलेली. फरक शिल्लक, एवढे लिहून मी लेजर मिटले आणि नव्या गावी गेलो. दोन वर्षांनी मला एक पत्र आले. एका वृद्ध विधवेने ६१० रुपये भरले होते, लेजरात आणि पासबुकात १६० लागले होते. तिचा नातू पुढे शिकला, त्याने स्थळप्रत काढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. पैसे व्याजासह परत मिळाले. पण मधल्या दोन वर्षांत त्या बाईंनी कुणाला विचारले नव्हते. बँक चुकत नाही, आपलीच मोजणी चुकली असेल, असे त्या समजून चालल्या होत्या. पोस्टिंग दुसऱ्याचे होते, पण ती चूक सापडू शकत असताना मी तिच्याकडे पाठ फिरवली होती. त्या बाईंचा माझ्यावरचा नव्हे, आकड्यावरचा विश्वास मला आजही टोचतो.

म्हणून गियोम यांचे ते तक्ते पाहिले तेव्हा मला त्यांच्या बुद्धीपेक्षा त्यांच्या चिकाटीतल्या प्रामाणिकपणाचे मोल अधिक वाटले. मीटर जपणाऱ्या माणसावर जग डोळे मिटून विसंबते. अशा माणसाने स्वतः डोळे मिटून चालत नाही.

१९२० च्या नोबेलबद्दल पुढे पुष्कळांनी नाके मुरडली. त्या वर्षी आइन्स्टाइन यांचे नावही समितीपुढे होते. विश्वाची घडी बदलणारा माणूस बाजूला ठेवून पट्ट्या मोजणाऱ्याला पारितोषिक दिले, असा आक्षेप. गंमत अशी की दोघेही झुरिकच्या एकाच संस्थेत शिकलेले. आइन्स्टाइन यांना १९२१ चे पारितोषिक १९२२ मध्ये जाहीर झाले आणि त्यांचे काही अडले नाही. तुलनेत गियोम यांचे काम लहान होते, हे मी नाकारत नाही. पण मोठे सिद्धांत शेवटी कुणाच्या तरी मोजपट्टीवर आणि घड्याळावर पारखावे लागतात. ती पट्टी आणि ते घड्याळ खरे राहावे म्हणून झिजणारी माणसे कुणीतरी मोजायला हवीत. एका वर्षी ती मोजली गेली.

१९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, गियोम त्या कार्यालयाचे संचालक झाले. १९३६ मध्ये निवृत्त झाले. १९३८ मध्ये सेव्रलाच त्यांनी देह ठेवला. धातूंनी असे का वागावे, हे त्यांना अखेरपर्यंत पुरते उलगडले नव्हते. पुढच्या पिढ्यांनी ते सोडवत आणले. तापमान चढले की अणू जास्त थरथरतात आणि धातू फुगू पाहतो. पण इन्व्हारमध्ये त्याच वेळी त्याचे चुंबकत्व ओसरू लागते आणि त्यापायी तो आकसू पाहतो. एक जमा, एक नावे, आणि शिल्लक जवळजवळ शून्य. दोन मोठ्या रकमा एकमेकींना झाकतात, असे आमचे हेडक्लार्क म्हणत, ते इथेही लागू पडले.

मूळ मीटरची पट्टी १९६० मध्ये निवृत्त झाली. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. धातूचा किलोग्रॅमही २०१९ मध्ये मानातून उतरला. मनगटावरच्या घड्याळांत आता क्वार्ट्झचा स्फटिक असतो.

वडिलांचे घड्याळ मात्र माझ्या फ्लॅटच्या भिंतीवर आहे. त्याला इन्व्हारची दांडी बसवून घ्यावी असे मध्यंतरी फार मनात होते. मग विचार सोडून दिला. रविवारी मी त्याला चावी देतो, मोबाइलशी काटे जुळवतो आणि कॅलेंडरवर आकडा लिहितो. परवा नातीने विचारले, की घड्याळ चुकते हे माहीत आहे तर ते लिहून काय ठेवायचे? मी तिला उचलून दांडी दाखवली.